एआय हाताशी असताना शोधनिबंध कसा लिहावा: विषय शोधण्यापासून छापून येईपर्यंत

मार्च २०२४ मध्ये एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेच्या ‘सर्फेसेस अँड इंटरफेसेस’ या जर्नलमधला एक पेपर जगभर फिरला. विषय होता लिथियम बॅटरीचा. प्रस्तावनेची सुरुवात साधारण अशी: ‘अवश्य! तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना.’ चॅटबॉटने दिलेलं उत्तर जसंच्या तसं पेपरात उतरलं होतं. तो पेपर सहलेखक, रिव्ह्यूअर, संपादक, प्रूफं तपासणारे अशा इतक्या हातांतून गेला, पण पहिलं वाक्य कोणी वाचलं नव्हतं. पुढे तो मागे घेण्यात आला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि लिहिणं फुकटात होऊ लागलं. वाचायला आणि तपासायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. संशोधनाच्या जगात सध्या जो गोंधळ चालू आहे, त्यातला बराचसा या एका तफावतीतून आला आहे. त्यामुळे माझा नियम सोपा आहे: एआयचं उत्तर बरोबर आहे की चूक हे जिथे तुम्ही स्वतः ताडून पाहू शकता तिथे ते खुशाल वापरा, आणि जिथे पाहू शकत नाही तिथे अजिबात वापरू नका. पुढचं सगळं याच नियमाचा विस्तार आहे. पीएच.डी. करणारे, नुकतेच लागलेले सहायक प्राध्यापक आणि पहिलाच पेपर पाठवणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

एक गोष्ट आधी वेगळी काढतो. एआयने विज्ञानात मोठं काम केलंच आहे. प्रथिनांची त्रिमितीय रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, आणि त्यांच्या खुल्या संग्रहात २० कोटींहून जास्त रचना आहेत. पण ते एका ठरावीक प्रश्नासाठी घडवलेलं आणि प्रयोगांशी ताडून पाहिलेलं साधन आहे. तुमच्या लॅपटॉपवरचा चॅटबॉट तसा नाही. एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर लिहू नका.

पहिली पायरी: नियम वाचा आणि जपून ठेवा

जानेवारी २०२३ मध्ये ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोघांनीही जाहीर केलं की एआयला लेखक म्हणून नाव देता येणार नाही. प्रकाशनातली नीतिमत्ता पाहणाऱ्या ‘कोप’ या संस्थेने फेब्रुवारीत तीच भूमिका घेतली, आणि वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मे महिन्यात आपल्या शिफारशी बदलल्या. कारण उघड आहे. पेपरात काही चुकलं तर उत्तर द्यायला, सही करायला, हितसंबंध जाहीर करायला माणूस लागतो.

लेखकत्वाबाबत एकमत असलं तरी बाकी नियम जर्नलगणिक वेगळे आहेत आणि बदलत राहतात. ‘सायन्स’ने सुरुवातीला एआयच्या मजकुरावर सरसकट बंदी घातली होती, ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शिथिल करून ‘वापरा, पण सांगा’ असं धोरण आणलं. म्हणून ज्या जर्नलला पाठवायचं आहे त्याच्या लेखकांसाठीच्या सूचनांचं पान पीडीएफ करून तारखेसह ठेवा. गाईडना तोंडी न विचारता ईमेल करा: ‘सर, भाषा सुधारण्यासाठी आणि कोडसाठी अमुक साधन वापरणार आहे, चालेल ना?’ एवढं पुरे. सर ‘हो हो’ म्हणतील आणि विसरतील. ईमेल मात्र राहील.

दुसरी पायरी: आधीचं संशोधन शोधणं

चॅटबॉटला ‘या विषयावरचे २० संदर्भ दे’ असं कधीच सांगू नका. त्याऐवजी शोधशब्द मागा. समजा तुमचा विषय मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण हा आहे. इंग्रजी साहित्यात हे हंगामी स्थलांतर, शाळागळती, बालमजुरी, मुकादम आणि उचल अशा चार-पाच वेगळ्या दारांनी येतं. कोणत्या विद्याशाखेत याला काय म्हणतात, हे सुचवण्यात चॅटबॉट खरोखर चांगला आहे. तो चुकला तरी बिघडत नाही, कारण शोध घेतल्यावर काहीच सापडलं नाही की शब्द निकामी आहे हे लगेच कळतं.

खरा शोध गूगल स्कॉलर, सिमँटिक स्कॉलर, ओपनअ‍ॅलेक्स आणि आपल्याकडच्या प्रबंधांसाठी शोधगंगा इथे घ्यायचा. एक कळीचा पेपर सापडला की त्याची संदर्भसूची पाहून मागे जा, आणि ‘साइटेड बाय’ (त्याचा नंतर कोणी संदर्भ दिला ती यादी) पाहून पुढे या. एलिसिट किंवा कन्सेन्ससारखी साधनं खऱ्या पेपरांच्या संग्रहावर चालतात, म्हणून ती चॅटबॉटपेक्षा बरी. पण पेपर काय सांगतो हे मांडताना तीही घसरतात. गूगल स्कॉलरवर दिसलं म्हणजे खरं, असंही आता राहिलेलं नाही. चॅटबॉटने लिहिलेले संशयास्पद पेपर तिथेही सापडल्याचं स्वीडनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं.

एक साधी वही किंवा एक्सेल शीट करा: तारीख, कुठे शोधलं, कोणते शब्द, किती निकाल, किती ठेवले. रिव्ह्यूअरने ‘अमुक काम का घेतलं नाही’ असं विचारलं की ही वही कामाला येते.

पूर्ण पेपर मिळत नाही ही आपली जुनी तक्रार. केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना त्यातून खुली होतात. आपलं कॉलेज त्यात आहे का हे ग्रंथपालांना विचारा. अनेक ठिकाणी प्रवेश आलेला असतो आणि वापरणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो. गोषवाऱ्यावर भागवून एआयकडून ‘बाकीचं’ सांगून घेण्याचा मोह यामुळे बराच कमी होईल.

तिसरी पायरी: प्रत्येक संदर्भ हाताने तपासणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

चॅटबॉट खोटे संदर्भ तयार करतो हे आता सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते किती खरे वाटतात, हे मात्र पाहिल्याशिवाय पटत नाही. लेखक खरा असतो, त्याच विषयात काम करणारा असतो. जर्नल खरं, वर्ष पटण्याजोगं, खंड आणि पानांचे आकडेसुद्धा असतात. नसतो तो फक्त पेपर. २०२३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीच्या जीपीटी-३.५ या मॉडेलने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि त्यानंतरच्या जीपीटी-४ ने दिलेल्यांपैकी १८ टक्के पूर्ण बनावट निघाले. त्यानंतरची मॉडेल्स सुधारली आहेत, आणि त्यामुळेच धोका वाढला असं मला वाटतं. दहातले पाच खोटे निघाले तर माणूस दहाही तपासतो. पन्नासातला एकच खोटा असेल तर पहिले सात-आठ पाहून तो निर्धास्त होतो.

तपासताना चार प्रश्न, याच क्रमाने.

हा पेपर अस्तित्वात आहे का? डीओआय म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणारा कायमचा ओळखक्रमांक, तो डीओआय डॉट ऑर्गवर टाका. उघडलं म्हणून थांबू नका. बनावट संदर्भाला कधीकधी दुसऱ्याच पेपरचा खरा डीओआय चिकटलेला असतो, म्हणून उघडलेल्या पानावरचं शीर्षक तुमच्या यादीतल्या शीर्षकाशी अक्षरशः जुळवा. डीओआय नसेल तर जर्नलच्या संकेतस्थळावर तो खंड, तो अंक आणि ते पान उघडून पाहा.

तपशील बरोबर आहेत का? लेखकांचा क्रम, वर्ष, पानं. हे काम झोटेरोसारख्या मोफत साधनावर सोपवा. डीओआय दिला की ते तपशील स्वतः उतरवून घेतं. संदर्भसूची चॅटबॉटकडून ‘एपीए शैलीत करून’ घेऊ नका. रूप बदलताना तो एखादं आडनावही बदलून टाकतो.

हा पेपर मागे तर घेतलेला नाही? मागे घेतलेल्या पेपरांची रिट्रॅक्शन वॉचची यादी २०२३ पासून डीओआयची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि ती सर्वांना खुली आहे. तुमच्या संग्रहातला पेपर मागे घेतला गेला असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं. ही भीती फुकाची नाही. एकट्या २०२३ मध्ये वायलीच्या हिंदावी या शाखेने ८ हजारांहून जास्त पेपर मागे घेतले. त्यांतले काही तुमच्या विषयाचे असू शकतात आणि शोधात अजूनही वर येतात.

शेवटचा आणि खरा प्रश्न: तुम्ही म्हणताय ते या पेपरात आहे का? नेमकं पान, नेमकी ओळ शोधा आणि झोटेरोत टीप म्हणून चिकटवा. ओळ सापडली नाही तर संदर्भ काढून टाका. तुमचा मुद्दा खरा असला, तरी त्या पेपराने तो मांडलेला नाही.

मराठीत किंवा मराठीवर काम करणाऱ्यांसाठी

इथे चॅटबॉट जास्त घसरतो, कारण त्याच्या पोटात मराठी मजकूर कमी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या नियतकालिकांबद्दल विचारलं तर संपादक एकाचा, नियतकालिक दुसऱ्याचं आणि साल तिसऱ्याचं असं मिश्रण आत्मविश्वासाने मिळतं. बहुतेक मराठी पुस्तकांना डीओआय नाही, त्यामुळे वरची चाळणी लागू होत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत नोंद शोधणं हाच उपाय. पुण्यात विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, मुंबईत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. प्राथमिक माहितीसाठी ऑनलाइन मराठी विश्वकोश चॅटबॉटपेक्षा कधीही भरवशाचा, कारण तिथल्या नोंदीखाली लेखकाचं नाव आणि संदर्भ असतात.

जुनी पानं स्कॅन करून मजकूर काढायला एआयची मोठी मदत होते, आणि ती जरूर घ्यावी. पण जोडाक्षरं, रफार, पुसट अनुस्वार आणि जुनं लेखन यांत चुका होतात. नवी मॉडेल्स चुकलेला शब्द ‘दुरुस्त’ही करून टाकतात, म्हणजे जुन्या लेखनाचं परस्पर आधुनिकीकरण होतं. अवतरण म्हणून वापरायची प्रत्येक ओळ मूळ पानाच्या फोटोशी ताडून घ्या. मोडी कागदांबाबत तर जाणकार वाचकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही ओळ प्रबंधात घालू नये.

वाचन आणि टिपणं

सारांश मागायचाच असेल तर पेपर स्वतः वाचल्यानंतर मागा. आधी मागितला की त्याच चष्म्यातून पेपर वाचला जातो आणि लेखकाने पद्धतीच्या भागात दबक्या आवाजात दिलेली कबुली, ‘नमुना लहान होता’, ‘फक्त शहरी शाळा घेतल्या’, नजरेतून निसटते. सारांशात नेमक्या अशाच अटी गळतात. वाचून झाल्यावर ‘या पेपरावर कडक रिव्ह्यूअर कोणते आक्षेप घेईल’ असं विचारून पाहा. त्याचा चांगला उपयोग होतो.

माहिती, मुलाखती आणि आकडेमोड

मुलाखत देणाऱ्याने तुम्हाला संमती दिली आहे, कुठल्या कंपनीच्या सर्व्हरला नाही. नावं, गावं, आजार, जात, पगार असं काहीही सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका. एआय वापरणार असाल तर तसं संमतीपत्रात आणि नीतिशास्त्र समितीकडे द्यायच्या अर्जात आधीच लिहा.

ध्वनिमुद्रणाचं लेखी रूप करायला व्हिस्पर हे मॉडेल बरेच जण वापरतात. इंग्रजी ध्वनिमुद्रणांवरच्या एका अभ्यासात सुमारे १ टक्का तुकड्यांत कोणी बोललंच नव्हतं अशी वाक्यं सापडली, आणि बोलण्यात थांबे जास्त असतील तिथे हे जास्त घडलं. आपल्याकडच्या मुलाखती शेतात, अंगणात, मधे गाडी जात असताना होतात. म्हणून मजकूर समोर ठेवून ध्वनिमुद्रण पुन्हा एकदा पूर्ण ऐका. टंकलेखनाचे तास वाचतात, ऐकण्याचे नाही.

आकडेमोडीसाठी आर किंवा पायथन या संगणकी भाषांतला कोड लिहून घेणं हा माझ्या मते संशोधकासाठी एआयचा सर्वांत प्रामाणिक उपयोग आहे, कारण तिथे पडताळणी शक्य असते. दहा-बारा ओळींचा छोटा तक्ता घ्या, उत्तर कॅल्क्युलेटरवर काढा, मग कोड चालवा. जुळलं तरच मोठ्या माहितीवर वापरा. रिकाम्या रकान्यांचं कोडने काय केलं हे आवर्जून तपासा. बहुतेक गोंधळ तिथेच असतो. कोणती चाचणी लावायची हे मात्र संख्याशास्त्राच्या माणसाला विचारा. चॅटबॉट तुम्ही सुचवाल त्या चाचणीला मान डोलावतो.

लिहिणं आणि भाषा

मराठी माध्यमातून आलेल्या संशोधकाचं इंग्रजी अडखळतं म्हणून त्याचं चांगलं काम नाकारलं जाणं हा जुना अन्याय आहे. एआयने तो थोडा हलका केला, आणि याबद्दल संकोच वाटायचं कारण नाही. पण क्रम पाळा. आधी मुद्दा तुमच्या शब्दांत, मोडक्या इंग्रजीत किंवा सरळ मराठीत लिहा. मग एकेक परिच्छेद देऊन ‘फक्त व्याकरण आणि स्पष्टता सुधार, अर्थ, आकडे आणि संज्ञा बदलू नकोस’ असं सांगा. नंतर दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचा. ‘संबंध दिसतो’चं ‘कारणीभूत ठरतं’ झालं आहे का, ‘काही’चं ‘बहुतेक’ झालं आहे का, हे पाहा. रिव्ह्यूअर नेमका इथेच पकडतो.

साम्य टक्केवारी (मजकूर इतर लिखाणाशी किती जुळतो हे मोजणारा आकडा) उतरवण्यासाठी मजकूर शब्दबदल साधनातून फिरवणं हा आपल्याकडचा जुना रोग. त्याची फळं २०२१ मध्ये गिऑम काबानाक आणि सहकाऱ्यांनी जगासमोर मांडली. ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’ आणि ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’ झालेले पेपर रीतसर छापून आले होते. आता असे शब्दप्रयोग शोधणारं साधनच चालू आहे आणि त्यातून पेपर मागे घेतले जातात.

चित्रांबाबत नियम आणखी कडक. फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रंटिअर्सच्या एका जर्नलमध्ये मिडजर्नी या एआय चित्रसाधनाने काढलेलं उंदराचं चित्र आलं. शरीररचना अशक्य आणि नावांच्या जागी निरर्थक अक्षरं. तीन दिवसांत पेपर मागे घ्यावा लागला. ‘नेचर’ तर एआयने तयार केलेली चित्रं जवळपास स्वीकारतच नाही. आकृती स्वतः काढा, साधी असली तरी चालेल.

टक्केवारी, डिटेक्टर आणि तुमचा पुरावा

युजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष थांबावं लागतं आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द. हे मोजमाप नकलेचं आहे. एआयचा मजकूर कुठून उतरवलेला नसल्याने तो इथून सहज पार होतो, म्हणून ‘सर, फक्त ४ टक्के आलं’ याला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

उलट बाजूला एआय डिटेक्टर, म्हणजे मजकूर यंत्राने लिहिला आहे का हे सांगू पाहणारी साधनं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केला. स्टॅनफर्डच्या अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध डिटेक्टरांनी यंत्राचे ठरवले. साधी वाक्यरचना आणि मर्यादित शब्दसंपदा एवढाच त्यांचा गुन्हा. आपल्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी असंच असतं. गाईड आणि समित्यांनी हा आकडा पुरावा मानू नये, असं माझं ठाम मत आहे.

तरीही आरोप होऊ शकतो. बचाव एकच: मसुद्यांचा इतिहास. गूगल डॉक्समध्ये लिहिलंत तर तो आपोआप राहतो, वर्डमध्ये असेल तर दर आठवड्याला तारखेच्या नावाने प्रत ठेवा. हाताने लिहिलेली टिपणं फेकू नका. महत्त्वाचे चॅटही जपून ठेवा.

निवेदन कसं लिहावं

वापर केला असेल तर सांगा, आणि नेमकं सांगा. ‘एआयची मदत घेतली’ एवढं वाक्य संशय वाढवतं. मराठी प्रबंधासाठी नमुना असा: ‘प्रकरण ३ आणि ४ यांतील इंग्रजी गोषवाऱ्याची भाषा सुधारण्यासाठी तसेच प्रकरण ५ मधील आलेखांचा कोड लिहिण्यासाठी (साधनाचे नाव, आवृत्ती, महिना) याचा वापर केला. मिळालेला मजकूर आणि कोड मी तपासला असून सर्व आशयाची जबाबदारी माझी आहे. मुलाखतींची माहिती कोणत्याही एआय साधनात दिलेली नाही.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. एल्सव्हिअरच्या जर्नल्समध्ये हे निवेदन संदर्भसूचीच्या आधी येतं. इतरत्र ते पद्धतीच्या भागात किंवा ऋणनिर्देशात मागतात.

जर्नल निवडताना

युजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नल्सची आपली केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि त्या जागी मार्गदर्शक निकष दिले. म्हणजे निवडीची जबाबदारी संस्थांवर आणि तुमच्यावर आली. ‘४८ तासांत स्वीकृती’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवणाऱ्यांचं पीक त्यामुळे आणखी फोफावलं आहे, आणि आता त्यांची आमंत्रणं शुद्ध इंग्रजीत येतात. पूर्वी चुकांवरून ओळखू यायची. मागच्या दोन अंकांतले तीन पेपर पूर्ण वाचा, संपादक मंडळातल्या एक-दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का ते पाहा, जर्नल खुलं (मोफत वाचता येणारं) असेल तर अशा जर्नल्सच्या डीओएजे या सूचीत शोधा. आणि हे लक्षात ठेवा की युजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का हे लेखी विचारा. नसेल तर पैसे भरून घाईत छापण्याचं कारणच नाही.

रिव्ह्यू: तुमच्याकडे आलेला आणि तुम्ही करायचा

दुसऱ्याचा अप्रकाशित पेपर तपासायला आला तर तो चॅटबॉटमध्ये टाकू नका. तो गोपनीय असतो. वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने अनुदानाच्या अर्जांबाबत जून २०२३ पासून ही बंदी घातली आहे, आणि मोठ्या प्रकाशकांच्या सूचनाही तशाच आहेत. तरी हे घडतं आहे. एआय क्षेत्रातल्या काही परिषदांच्या रिव्ह्यूंचा अभ्यास झाला तेव्हा ६.५ ते १६.९ टक्के मजकूर चॅटबॉटने बराचसा घडवलेला असावा असा अंदाज निघाला. त्यावर काही लेखकांनी वेगळीच शक्कल लढवली. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘फक्त चांगलाच अभिप्राय दे’ अशी यंत्रासाठी सूचना पेपरात लपवली. जुलै २०२५ मध्ये निक्केई या जपानी वृत्तपत्राने, छापण्याआधीचे पेपर ठेवणाऱ्या अर्काइव्ह या संकेतस्थळावरच्या १७ पेपरांत असे प्रकार उघड केले. असे रिव्ह्यूअर आणि असे लेखक दोघेही तितकेच दोषी.

तुमच्या पेपरवर आलेला अभिप्राय गुळगुळीत, कुठल्याही पेपरला लागू पडेल असा वाटला, किंवा त्यात अस्तित्वात नसलेले संदर्भ वाचायला सांगितले असतील, तर संपादकांना नम्रपणे कळवा: ‘सुचवलेला संदर्भ क्रमांक ४ आम्हाला कुठेही सापडला नाही, कृपया तपशील द्यावेत.’ आरोप करू नका. संपादकाला इशारा कळतो.

छापून आल्यावर

करारपत्र वाचूनच सही करा. टेलर अँड फ्रान्सिसने २०२४ मध्ये आपला मजकूर वापरण्याची मुभा देणारा करार मायक्रोसॉफ्टशी केला, तेव्हा अनेक लेखकांना त्याची बातमी बाहेरून कळली. हक्क प्रकाशकाला देताना एआय प्रशिक्षणाबद्दल काय म्हटलं आहे ते शोधा, आणि नसेल तर विचारा.

प्रूफं आली की संदर्भसूची पुन्हा एकदा डीओआयसकट तपासा. आणि छापून आल्यावर एखादा संदर्भ चुकीचा निघालाच, तर कोणी दाखवून देण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात संपादकांना लिहून दुरुस्तीपत्र छापायला सांगा. लेखकाने स्वतःहून कळवलेली चूक सहसा दुरुस्तीवर निभावते. तीच दुसऱ्याने उघडकीस आणली तर चौकशी होते, आणि चौकशीत बाकीचे संदर्भही मोजले जातात.